टाळ्या आधी, कार्यक्रम नंतर

भुकूममध्ये माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीनखाली चिंध्या साठतात, तसे शूटिंगचे किस्से साठलेत माझ्याकडे. कुणाला सांगितले की पहिलं वाक्य ठरलेलं, "काहीतरीच काय!" अहो, मलाही तसंच वाटायचं. माझ्या डोळ्यांदेखत झालं नसतं तर मीसुद्धा थापच म्हटलं असतं.

नांद्याच्या रस्त्याला एका गोडाऊनचा टीव्ही स्टुडिओ झाला. तिथे प्रेक्षक लागतात. प्रवेश फुकट, न्यायला-सोडायला बस, वर जेवणाचं पाकीट. आम्ही तिघी जायला लागलो. मी, समोरच्या सोसायटीतल्या मंदाताई आणि टेकडीखाली मेंढरं राखणाऱ्या सोनाबाई.

पहिल्याच दिवशी धक्का. कार्यक्रम गाण्याचा. कानाला हेडफोन लावलेला प्रसाद नावाचा कोऑर्डिनेटर आला आणि म्हणाला, टाळ्या वाजवा. वाजवल्या. अजून जोरात. वाजवल्या. आता उभं राहून. राहिलो उभ्या. तासभर हेच, आणि स्टेजवर चिटपाखरू नाही! मंदाताईंनी विचारलं, गायक कधी येणार?

"ते उद्या येणारेत. तुमच्या टाळ्या आज घेऊन ठेवतोय."

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर बघितलं. ज्या गायकाचा आवाज आला की मंदाताई चॅनेल बदलतात, नेमक्या त्याच्यासाठी बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

*

सोनाबाईंचा एकच हट्ट, पहिल्या रांगेत बसायचं. मला वाटलं, म्हातारीला हौस आहे. एकदा बसमध्ये मी चिडवलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचा मुलगा बाळू. मेंढरं विकू, मला ड्रायव्हर व्हायचंय, म्हणत होता. भांडण झालं. गेलास तर परत तोंड दाखवू नकोस, असं त्या रागात बोलून गेल्या. त्यानं ते खरं केलं. तीन वर्षं झाली, पत्ता नाही, नंबर बदललेला.

"त्याला म्हनलं, तोंड दाखवू नगस," सोनाबाई म्हणाल्या. "पर त्यानं माजं तोंड बगायला काय हरकत हाय?"

आम्ही पाकिटातल्या गुलाबजामसाठी जात होतो आणि ही बाई कशासाठी येत होती!

पण रांग ठरवतो प्रसाद, आणि तो बघतो साडीचा रंग. उठावदार पुढे, विटका मागे. सोनाबाईंचं लुगडं धुऊन धुऊन विटलेलं, त्यामुळे दर वेळी शेवटची रांग. एकदा मी त्यांना माझी कोरी पिवळी साडी नेसवली. त्या ऐटीत पुढे जाऊन बसल्या. मग पडदा उघडला. सगळा सेट पिवळा!

"मावशी, तुम्ही सेटमध्ये मिसळून जाताय," प्रसाद म्हणाला. परत शेवटची रांग. मला तर रडूच आलं.

*

मग तो विनोदी कार्यक्रम. सूत्रधारानं बायको आणि कुकरवरचा एक विनोद सांगितला. आम्ही हसलो. लाइट चुकला, परत. हसलो. त्याचा माइक निघाला, परत. असं आठ वेळा! गाल दुखायला लागले. नवव्या वेळी तो शेवटच्या वाक्याशी आला आणि नेमका अडकला. मंदाताईंनी जागेवरून वाक्य पुरं केलं, ते त्याच्यापेक्षा चांगलं. सगळा हॉल खदखदून हसला, कॅमेरावालेसुद्धा.

आम्हाला वाटलं, आता बाहेर काढतात. काढलं नाही. टीव्हीवर वाक्य मंदाताईंचं ठेवलं आणि आवाज त्याचा! त्या अजून प्रसादच्या नावानं बोटं मोडतात.

*

याच्या वरचं ऐका. एकाच दिवशी चार भाग काढतात. दर भागाला जागा बदलायची, साडी बदलायची, म्हणजे दिवस बदलल्यासारखं दिसतं. मंदाताईंनी दोनच साड्या आणल्या होत्या. तिसऱ्या भागाला माझी नेसल्या, चौथ्याला सोनाबाईंचं लुगडं.

सोमवार ते गुरुवार त्या रोज टीव्हीवर. गुरुवारी त्यांच्या मिस्टरांचा पारा चढला. रोज रोज कुठे जातेस, घरात कळवायची पद्धत आहे की नाही? मंदाताई त्यांच्या शेजारीच सोफ्यावर मटार सोलत होत्या. चारही दिवस तिथेच होत्या! मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली.

*

आणि आता केकचं. प्रेक्षक होऊन आमची ती शेवटची खेप, कारण पुढे तो स्टुडिओच हलला.

स्वयंपाकाची स्पर्धा होती. प्रसाद म्हणाला, रडण्याचे शॉट हवेत, काहीतरी दुःखाचं आठवा. रडायचं कशासाठी, ते नेहमीप्रमाणे सांगितलं नाही. पहिल्या रांगेत कुणालाच जमेना. मंदाताईंनी असं तोंड केलं की प्रसादनं विचारलं, दाढ दुखतेय का?

तेवढ्यात मागून हुंदका आला. शेवटच्या रांगेत, विटक्या लुगड्यात, सोनाबाई रडत होत्या. कॅमेरावाला खुर्च्या ओलांडत थेट त्यांच्यासमोर गेला. कट झालं तरी त्या थांबेनात. प्रसादनं हेडफोन काढला, पाण्याची बाटली आणली.

सोनाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कॅमेरावाल्याला विचारलं, "तोंड पुरं आलं का रं?"

टीव्हीवर तो भाग आम्ही मंदाताईंकडे बघितला. एका स्पर्धक मुलीच्या हातून तीन मजली केक घसरला, फरशीवर आपटला, आणि लगेच सोनाबाई! ढसाढसा रडताहेत! अख्ख्या पडद्यावर एकट्या. मंदाताईंनी तोंडावर हात ठेवला. मला हसावं की काय करावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाबाई माझ्या दुकानात बसल्या होत्या. त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो. मी मशीन थांबवली.

"आये," बाळूचा आवाज आला. "कुनाचा केक पडला म्हनून कुनी येवढं रडतं व्हय?"

सोनाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला.

"लई मोठा हुता रं, बाबा."