अभिप्राय त्रिपुरसुंदरीचा

माझी आत्या त्रिपुरसुंदरी शिकली ती मॅट्रिकपर्यंत आणि पुढे टायपिंग. पण कान असा, की शेजारी कोणी गायला बसलं की ही इकडे भाजी चिरता चिरता म्हणायची, "पंचम हलला." तंजावरच्या आम्हा मराठी मंडळींत गाणं सगळ्यांनाच येतं असा एक समज आहे. साफ खोटा. मला येत नाही. तिला येत होतं.

१९५१ पासून ती मद्रासच्या एका विलायती ग्रामोफोन कंपनीत टायपिस्ट होती. वेस्ट मांबलमहून रोज माउंट रोडला जायची. तिथला मॅनेजर नेहमी इंग्लंडहून यायचा, आणि त्याला आपल्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे. कोणाची रेकॉर्ड काढायची हे मात्र तोच ठरवी, म्हणजे कागदावर. नमुन्याच्या तबकड्या आल्या की साहेब विचारी, "मिस राव, कसं वाटतं?" आत्या ऐकून अभिप्राय टाइप करी आणि खाली सही साहेबाची. सहा वर्षांत तीन साहेब झाले. अभिप्राय सगळे आत्याचेच.

१९५७ साली तिसरा साहेब मायदेशी निघाला. त्याच्या जागी इथलंच कोणी नेमता येईल का, असं लंडनने विचारलं. आता तरी आपलं नाव जाईल, असं आत्याला वाटलं. साहेबाने तिला बोलावलं आणि उत्तर सांगितलं: "इथल्या कचेरीत संगीताची पारख असलेला एकही स्थानिक माणूस नाही."

तिने ते टाइप केलं, एकही चूक न करता. घरी येऊन मात्र हमसून हमसून रडली. माझे अप्पा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, चिडून म्हणाले, "सोड ती नोकरी, अक्का!"

"का मणून?" डोळे पुसत ती म्हणाली. "ऐकणारी मी, आणि जाणारी पण मीच?"

चौथा साहेब आला. आठवड्याच्या आत चाळीस तबकड्या तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "मिस राव, कसं वाटतं?"

आत्याने त्या पत्राची कार्बन नक्कल त्याच्यासमोर ठेवली. "मी स्थानिक आहे, सर. मला पारख नाही. कंपनीनेच तसं कळवलंय."

बिचारा तीन दिवस एकटाच ऐकत बसला. कंपनीची सर्वांत खपणारी गायिका त्याने नापास केली. 'अत्यंत भावपूर्ण' म्हणून जी तबकडी पसंत केली, तिच्यात गाणंच नव्हतं. माइक तपासायला व्हायोलिनवाल्याने तारा जुळवल्या होत्या, तेवढंच. आत्याने अभिप्राय जसाच्या तसा टाइप करून लंडनला धाडला. चांगली खोड मोडली! बातमी फुटली आणि जॉर्ज टाउनमधले रेकॉर्ड विकणारे आठवडाभर एकमेकांना 'अत्यंत भावपूर्ण' म्हणत खिदळत होते. नापास झालेल्या अलमेलूबाई स्वतः कचेरीत आल्या आणि साहेबाला तमिळमध्ये असं काही बोलल्या, की त्याचं इंग्रजी करायला कोणी पुढे झालं नाही.

दोन महिन्यांनी साहेबाने आत्याला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तिला समोर बसवून म्हणाला, "गाण्यांची निवड यापुढे तुम्ही करायची, आणि सहीही तुमची. लंडनने मान्यता दिली आहे."

या दिवसासाठी तिने सहा वर्षं मान मोडून काम केलं होतं. मी असते तर पेढे वाटायला धावले असते. ती म्हणाली, "आधी ते पत्र मागे घ्या."

"हो, घेऊ. टाइप करून आणा, सही करतो."

"तेवढं तुम्ही करा, सर. ते मी टाइप केलं, हे तुम्ही करा."

साहेब मशीनसमोर बसला आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागला. आख्खी कचेरी दारात जमली. अर्ध्या तासाने दोन ओळींचं पत्र झालं. आत्याने ते शांतपणे वाचलं, तीन चुकांवर पेन्सिलीने खुणा केल्या, आणि मशीनला नवा कागद लावून दिला.