लेखातलं चिंचेचं झाड

रायपुरातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एक म्हातारे प्रोफेसर यायचे. कॅथलिक होते, समाजशास्त्र शिकवून रिटायर झालेले. मी त्यांचे लेख टाइप करायचे आणि ते शेजारी बसून प्रत्येक ओळीखालून पेनाचं टोपण फिरवायचे. लेखात गावांची, माणसांची खरी नावं ते कधीच देत नसत. त्यांच्या कामात तशी रीतच असते म्हणे.

एकदा ते जुना छापलेला लेख घेऊन आले. गावानं एका ख्रिस्ती बाईच्या नवऱ्याला मसणवट्यात जागा दिली नाही, तेव्हा तिनं त्याला घरामागं परसात पुरलं, त्यावरचा. पुस्तकासाठी तो पुन्हा टाइप करायचा होता.

"दारातलं चिंचेचं झाड काढ," ते म्हणाले. मग निळं दार काढायला लावलं, मग विहीर.

"काहून सर? हेच तर चांगलं लिहिलंय तुम्ही."

टोपण थांबलं. "गावाचं नाव त मी बदललं होतं, बेटा. झाड तसंच राहू दिलं. लेख वाचून बाहेरून आलेल्या लोकांनी झाडावरून घर शोधलं अन् प्रेत उकरून बाहेर फेकलं."

"अन् ती बाई?"

"मले माहीत नाही. विचारायला जायची हिंमत झाली नाही."

लेखात शेवटी एक बाई आणि एक खड्डा एवढंच उरलं. त्यांनी ते वाचलं आणि मान हलवली.

प्रोफेसर अजून याच शहरात राहतात. त्यांच्या फाटकापाशीही एक झाड आहे. ते कसलं, हे मी लिहिणार नाही.