दफ्तरात जाणारा शाळिग्राम

"गोगलगाय आहे ती, सत्यवती. देव नाही."

"गोगलगाय असती तर एव्हाना चालली असती."

बरकतपुऱ्यात लक्ष्मणरावांची आणि आमची भिंत एकच. मी तेव्हा नवी सून; पोळ्या लाटता लाटता हे भांडण ऐकलं. निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले होते.

लक्ष्मणराव दगडांच्या सरकारी दफ्तरात चपरासी. तिथल्या नळाला पाणी नसलं की नमुन्याचे दगड घरी आणून धुवायचे, अंगणात वाळवायचे. त्यातच विकाराबादकडचा एक काळा गुळगुळीत दगड होता, पोटात शंखाचं वेटोळं असलेला. सत्यवतीबाई लग्नापासून नवऱ्याकडे शाळिग्राम मागत होत्या. तुळशीच्या लग्नाच्या सकाळी हा दिसला, त्यांना वाटलं यांनी आणला एकदाचा. संध्याकाळी त्याचं लग्नही लागलं. अक्षता मीसुद्धा टाकल्या.

दुसऱ्याच दिवशी फर्मान आलं. नवे साहेब येणार, कपाटातला एकेक दगड नंबराने मोजणार. एकशेबारा नंबरचा हा दगड जागेवर नसला तर लक्ष्मणरावांची नोकरी जाणार.

मग भिंतीपलीकडे त्यांनी जुन्या साहेबांकडून ऐकलेली सगळी पृथ्वी बायकोपुढे मांडली. इथे म्हणे एके काळी माणूस नव्हता, चारमिनार नव्हता, नुसतं तळं होतं. मग जमीन फाटली, तापलेला रस वाहत आला, तळं बुजलं, गोगलगायीचा दगड झाला. त्याला कोट्यवधी वर्षं झाली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एवढ्या म्हाताऱ्याला उपाशी घराबाहेर काढता?"

शाळिग्राम एकदा घरात आला की एक दिवसही पूजेवाचून ठेवत नाहीत. तेव्हा ठरलं असं, की सकाळी अंघोळ, चंदन, तुळस. मग देव पिशवीतून दफ्तरात. संध्याकाळी परत घरी.

मोजणीच्या दिवशी साहेब एकशेअकरावरून थेट एकशेतेरावर गेले. मधल्या दगडाचा नंबर चंदनाखाली होता. लक्ष्मणरावांनी अंगठ्याने चंदन पुसलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी दगड हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बाईंना सांगा, चंदन नंबर सोडून लावा," ते म्हणाले. "आणि हा दहाला हजर पाहिजे."

पुढे बावीस वर्षं तो दहाला हजर होता. लक्ष्मणरावांना दोनदाच काय तो उशीर झाल्याचं ऐकलं, काचीगुड्याच्या रेल्वे फाटकामुळे. सत्यवतीबाई गेल्या तेव्हा मला वाटलं, आता गोगलगाय कपाटातच राहील. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव आमच्या वृंदावनापाशी उभे. त्यांची तुळस वाळली होती.

नोकरीच्या शेवटच्या सकाळीही आले. मी विचारलं, साहेबांकडे मागून का नाही घेत त्याला?

"कसा मागू, वहिनी? पेन्शन माझी झाली. त्याची कुठे झालीय?"

त्यांनी दोन पानं खुडली, चंदनाचं बोट नंबर सोडून टेकवलं आणि पिशवी उचलून नेहमीसारखे निघाले. साडेनऊ वाजले होते.