बांगड्याचे चार वाटे

बुलढाण्यापासून समुद्र इतका लांब की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो फोनवरच पाहिलाय. तरी दरवर्षी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी त्या समुद्रातले मासे वाटायला बसवतो. मासा म्हणजे युरोपच्या उत्तरेकडचा बांगडा. पाणी तापलं तसा तो सरकत नव्या देशांच्या हद्दीत गेला. नवे म्हणतात, आमच्या पाण्यात आहे म्हणजे आमचा. जुने म्हणतात, आजवर आम्हीच पकडत आलो. मग जो तो आपला कोटा आपणच ठरवून मोकळा होतो, आणि सगळ्यांची बेरीज समुद्राला परवडेल त्याच्या वर जाते. हा तंटा सुटणारा नाही, हे माझं शेवटचं वाक्य. ते म्हणायला मला मनापासून आवडतं.

या चर्चेत जो उजवा ठरेल त्याला माझं शिफारसपत्र मिळतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात आमच्या कॉलेजला एकच जागा, आणि ती त्या पत्रावर मिळते. त्या वर्षी मी पत्र सकाळीच लिहून आणलं होतं, फक्त नावाची जागा कोरी ठेवली होती. मनातलं नाव धरणावरच्या भोयांच्या वस्तीतल्या मुलीचं होतं. तिच्याइतकं वाचणारं वर्गात कुणी नव्हतं. वसतिगृह मिळालं नाही तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

चौघं एकेक देश होऊन टेबलाभोवती बसले. तिघा मुलांनी मोठे देश आधीच बळकावले होते, हिच्या वाट्याला चिमुकली बेटं आली. प्राचार्य पाहायला येऊन बसले होते. दोन तास मुलं भांडली, ठरलं काहीच नाही. मी खुशीत माझ्या वाक्यासाठी उठणार, तेवढ्यात ही बोलली.

"आमच्या इकडे धरणावर सात घरं हायेत, सर. जाळं काढलं की ताडपत्रीवर सात वाटे लावतो. एक जण पाठ फिरवून उभा राहते. दुसरा एका वाट्यावर हात ठेवते अन् इचारते, हा कोनाचा? पाठमोरा नाव घेते. सोताचं नाव तो सगळ्यात शेवटी घेते. कोनता वाटा कोनाले जाईन ते कोनालेच मालूम नसते, म्हनून वाटे सारखेच लागतात."

"माझी जहाजं मोठी आहेत, त्याचं काय?" सगळ्यात मोठ्या देशाच्या मुलानं विचारलं.

"जहाज तुमचं हाय. मासा तुमचा नाही."

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमचा न सुटणारा तंटा पोरीनं सोडवला की." सगळा वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच वर्गात, माझ्याच विषयात, कुणीतरी ताडपत्री पसरून मला गप्प बसवलं होतं. तिचा मला त्या क्षणी राग राग आला, आणि तो लपवणं मला चांगलं जमतं.

"वा," मी म्हणालो. "करून दाखव बरं. पाठ फिरव."

ती आनंदानं फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी टेबलावर चार वस्तू मांडल्या: खडूची पेटी, डस्टर, पाण्याची बाटली आणि ते पत्र. पत्र पाहून मुलं माना उंचावून बघू लागली. मी सर्वांत आधी पत्रावर हात ठेवला. स्वतःचं नाव ती शेवटी घेणार, हे तिनंच नुकतं सांगितलं होतं.

"हा कोणाचा?"

तिनं मोठ्या देशाच्या मुलाचं नाव घेतलं. मग बाटली, मग खडू. शेवटी उरलेलं डस्टर तिचं. तिनं वळून टेबलाकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"सर, ज्यानं वाटे लावले त्याले हात ठेवू देत नाहीत आमच्या इकडे."

"आत्ता आठवलं होय?" मी म्हणालो. "नियम तुझाच, वाटाही तुझ्याच तोंडून गेला. तंटे असे सुटतात का ते कळलं ना आता?"

मुलं मोठ्यानं हसली. प्राचार्य घड्याळ बघत उठले. मी पेनाचं टोपण काढून कोऱ्या जागेत त्या मुलाचं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, तिच्यासमोर. तो नको नको म्हणत होता. मी पत्र त्याच्या खिशात कोंबलं.

दुपारी ती माझ्या खोलीपाशी आली. दारातच उभी राहिली.

"सर, मले दुसरं पत्र भेटन काय?"

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

तिचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

"हाव सर," ती म्हणाली, आणि जाताना दार लोटून घेतलं.