मेहुण्यांनी आणलेली थंडी

माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या मते या जगात आजवर एकही यंत्र बिघडलेलं नाही. पृथ्वीच्या पाठीवर जेवढी यंत्रं बंद पडलेली दिसतात, ती सगळी फक्त रुसलेली आहेत. मेहुणे जळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनं सांभाळत, पण गावात कुणाचं शिवणयंत्र अडो की पाण्याचा पंप, बोलावणं त्यांनाच यायचं. आल्याबरोबर ते पाना काढत नसत. आधी यंत्राभोवती एक फेरी मारत, त्याच्यावर हात फिरवत आणि म्हणत, "रुसेल शे, बिघडेल नही." मग मालकाची उलटतपासणी. "कधी रुसनं? घरमा भांडण व्हयनं का?" नशिराबादच्या एका पीठगिरणीवाल्यानं रागाच्या भरात इंजिनाला लाथ घातल्याचं कबूल केलं, तेव्हा मेहुण्यांनी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत इंजिनाला नमस्कार करायला लावला आणि मगच हत्यारांची पिशवी सोडली. गिरणी सुरू झाली, हे सांगायला नकोच.

त्यांची दुसरी खोड म्हणजे यंत्रावर लिहिलेलं, रंगवलेलं काहीही ते बघत नसत. "मशीनले वाचता येस का?" हा त्यांचा बिनतोड सवाल. आमचा रेडिओ त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून आवाजाचं बटण फिरवलं की स्टेशन बदलायचं आणि स्टेशनचं फिरवलं की आवाज चढायचा. तक्रार केली तर म्हणाले, "दोन्ही चालतात ना?" चालत होती, मग मीच उलट्या बटणांची सवय करून घेतली.

आणि तिसरी गोष्ट, जिला खोड म्हणावं की लाज, मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी माझ्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं, नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा बायकांनी दार अडवून धरलं. यांनी उखाणा खणखणीत म्हटला आणि नावाच्या ठिकाणी असा ठसका काढला की कुणीतरी पाणी आणायला धावलं. पुढे संसारात "आयकं का" एवढ्यावर त्यांचं भागलं. अख्खा मोहल्ला तिला अक्काच म्हणे, त्यामुळे तिचं खरं नाव आम्ही भावंडंसुद्धा जवळजवळ विसरलो होतो.

एका वैशाखात धुळ्याला आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या वर्षी एसटीत ऊन लागून अक्का बेशुद्ध पडली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा उन्हातला प्रवास केलात तर जिवावर बेतेल. धाकटीनं निरोप धाडला, "अक्का नसेल तर पोरीला हळद लावणार कोण?" अक्कानं भाचीसाठी घेतलेली शाल पेटीतून काढली, उलगडली आणि पुन्हा घडी करून ठेवली. मेहुण्यांनी ते पाहिलं.

जिनिंगच्या शेठकडे एक जुनी, जहाजाएवढी विलायती गाडी होती. कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतलेली, आणि तिच्यात चक्क थंड हवेचं यंत्र! पण बटणं आणि दांड्या कशाही फिरवा, थंड वारा समोरच्या काचेवर आपटे आणि बसणाऱ्याच्या पायाशी गरम वाफ येई. मुंबईच्या कारागिरांनी हात टेकले होते. मेहुणे शेठसमोर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागायला, लग्नापुरती ही गाडी. शेठ हसले. म्हणाले, "थंडी आणा, गाडी अक्कांची."

पाच दिवस मेहुणे त्या गाडीत डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत होते. सहाव्या दिवशी त्यांना बारीक 'फुस्स' ऐकू आलं. वारा इकडेतिकडे वळवणारी झाकणं म्हणे इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे ते हवा शोषतं त्या जोरावर, हलतात, आणि ती ओढ पोहोचवणारी बारीक रबरी नळी उंदरानं कुरतडली होती. शेजारीच सरकीची टरफलं आणि कापसाचं मऊ घरटं. मेहुण्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा बसवला. गारवा कमीजास्त करणाऱ्या दांडीची तारही तुटलेली निघाली. तिथे सायकलच्या ब्रेकची तार गेली. गाडी सुरू केली आणि जिनिंगच्या आवारात, भर उन्हात, शेठना शिंक आली. मेहुण्यांना तेवढी पावती पुरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. पुढे शेठचा ड्रायव्हर आणि मेहुणे, मागे अक्का आणि मी. एरंडोलपर्यंत स्वर्ग होता. एरंडोलच्या पुढे अक्का हळूच म्हणाली, "माले थंडी वाजस." ड्रायव्हरनं दांडी तांबड्या खुणेकडे, म्हणजे उबेकडे, सरकवली. थंडी वाढली. त्यानं आणखी सरकवली, माझे दात वाजायला लागले. मी काच उघडायला गेलो तर मेहुणे ओरडले, "उघाडू नको! बठ्ठी, सगळीच्या सगळी थंडी बाहेर जाई!" मला आमचा रेडिओ आठवला आणि सगळा उलगडा झाला, तार उलटी जोडली गेली होती. पण मेहुण्यांदेखत ते सांगायची सोय नव्हती. शेवटी अक्कानं आहेराची शाल काढून पांघरली. बेचाळीस अंशांच्या उन्हात, धुळ्याच्या मांडवापुढे, शाल गुंडाळलेली माझी बहीण शिंकत शिंकत उतरली. व्याही घाबरले, त्यांना वाटलं हिवताप. अक्का चारचौघांत मान ताठ करून म्हणाली, "ताप नाही हो. आमच्या ह्यांनी थंडी आणली!" आणि तिनं भाचीला हळद लावली. त्या क्षणी मेहुण्यांचे शंभर गुन्हे मी माफ केले.

परतताना दांडी तशीच उलटी होती, कारण बिघडलं काहीच नव्हतं ना! पण निळ्या खुणेच्या बाजूला, जिकडे आता ऊब होती, तिकडे चिकटपट्टीचा एक तुकडा होता आणि त्यावर मेहुण्यांची शाईतली वेडीवाकडी अक्षरं. मागच्या सीटवरून मला ती दिसली नाहीत. अक्का पुढे वाकली, वाचलं, आणि जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

आता अक्का नाही. परवा मेहुण्यांसोबत जिनिंगमध्ये गेलो होतो. ती गाडी निंबाखाली चाकांविना उभी आहे. मी आत डोकावलो. पट्टी पिवळी पडली आहे, पण अक्षरं वाचता येतात. 'सुमन'. अक्काचं खरं नाव.

मी वळून पाहिलं. मेहुणे गाडीच्या टपावर हळूहळू हात फिरवत होते. मला वाटलं, आता ते त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणतील. त्यांनी ओठ हलवले, पण त्यांना पुन्हा ठसका लागला, आणि मी पाणी आणायला गेलो.