उजव्या पायातला जोडा

माणसं आयुष्यात एकदा संपतात. आमचे घरमालक रोज संध्याकाळी संपायचे. आणि तेही इतक्या नेमाने, की सूर्याने त्यांच्याकडे बघून मावळावं. मी नंदुरबारला शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. पहिल्याच संध्याकाळी पाहतो तर ओट्याच्या पायरीवर एक धिप्पाड गृहस्थ भिंतीला टेकून बसलेले. डावा पाय अनवाणी, उजव्यात जोडा. मी नमस्कार केला. पुन्हा केला. पापणी तेवढी हलली. गृहस्थ चालले, अशी माझी खात्री झाली आणि त्यांच्या बायकोच्या मनाची तयारी करावी म्हणून मी आत गेलो. जन्ममृत्यूबद्दल मला ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. त्या माउलीने भाकरी थापता थापता शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काही नही व्हयनं, मास्तर. त्यास्ना दिन सरना."

हाच माणूस सकाळी बघावा. मिरचीच्या बाजारात एका मारवाडी शेटजींच्या अडतीवर ते तोलार होते. तोलताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही तिथली रीत. मोजणीची सुरुवात शुभ शब्दाने व्हावी म्हणून. आमच्या घरमालकांच्या तोंडून तो 'लाभ' सुटला की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडायचे आणि शेटजी गल्ल्यावर सावरून बसायचे. मिरचीच्या खाटाने, त्या तिखट धुळीने, सगळा बाजार शिंकत असायचा. हे मात्र देवळातल्या मूर्तीसारखे कोरडे. मोलगीकडून डोंगर उतरून आलेल्या माणसांशी त्यांच्या बोलीत थट्टा करायची, हमालाला शिवी, बैलाला थाप, शेटजींना टोमणा, आणि या सगळ्यात मापाचा आकडा एकदाही चुकायचा नाही. एका माणसात चार माणसांचा जीव होता. पण शेवटची गोणी उतरली, काटा खुंटीला लागला, की ते चारही जीव एकदम निघून जायचे. मग पाय त्यांना घरी आणायचे. ते स्वतः येत नसत. पायरीवर बसायचे, डावा जोडा काढून टाकायचे आणि तेवढ्यावर जगाशी असलेला त्यांचा व्यवहार आटपायचा.

एकदा शेजाऱ्याचं वासरू येऊन त्यांच्या पागोट्याचा सुटलेला शेव चघळू लागलं. मी शाळेतून येईपर्यंत निम्मं पागोटं वासरात आणि निम्मं मालकात अशी वाटणी झाली होती. मी ओरडलो, "अहो, वासरू खातंय ना." ते म्हणाले, "खाई ऱ्हायनं. माले दखास." त्यांना दिसत होतं, दिसण्याचा आणि उठण्याचा संबंध मात्र संध्याकाळपुरता तुटलेला होता.

मी पडलो मास्तर. दुसऱ्याचं काही बिघडलेलं दिसलं की ते आणखी बिघडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. वास्तविक थकव्यावर बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी सकाळपासूनच थकलेला असायचो, म्हणून संध्याकाळी फरक पडत नसे इतकंच. तरी मोकळ्या हवेचा उपाय सुचवून मी त्यांना एकदा गावाबाहेर फिरायला ओढून नेलं. जाताना उतार होता. येताना ते एका दगडावर बसले ते बसलेच. शेवटी तुरीच्या काड्या घेऊन चाललेल्या एका गाडीत मी त्यांना चढवलं, आणि जागा उरली नाही म्हणून गाडीमागून चालत आलो. गावात बोभाटा झाला तो असा, की नव्या मास्तरांची तब्येत बरी नसते, मालक बिचारे त्यांना फिरवून आणतात.

या घरात त्यांच्यावरचा खरा उपाय एकच होता: त्यांची मुलगी यमुना. डावा जोडा पायरीवर धप्पकन पडला की आत कुठेही असली तरी ती बाहेर यायची, खालच्या पायरीवर बसून बापाच्या उजव्या पायातला जोडा ओढून काढायची आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची. ते पाणी पोटात गेलं की मालक हळूहळू माणसांत यायचे, जेवणापुरते.

आता या यमुनेच्या लग्नाचं आलं. मुलगी द्यायची तर शब्द बापाने स्वतःच्या तोंडाने द्यायचा. मामाने, काकाने दिलेला शब्द कुणी धरत नाही. आणि पाहुणे तर येणार संध्याकाळी. पहिले आले तेव्हा मालक पायरीवर संपलेले होते. ते उठले नाहीत, बोलले नाहीत, मुलाच्या मामाने रामराम केला तर त्याच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं. पाहुणे चहाही न घेता गेले आणि मुलीचा बाप मगरूर आहे अशी वार्ता चहूकडे पसरली. पुढे बरेच दिवस कुणी फिरकेना. शेवटी तापीपलीकडच्या एका शेतकरी घराने येतो म्हणून निरोप धाडला, तोही संध्याकाळचाच. मालकीणबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, ह्या पाव्हना बी गयात ते मन्ही पोर घरमाच ऱ्हाई."

माझी बुद्धी अशा वेळी फार चालते, हेच तर दुर्दैव. दिवस संपला की मालक संपतात. म्हणजे दिवसच संपू द्यायचा नाही. शेटजींकडून मी एक काटा आणि मिरचीची एक गोणी मागून आणली आणि उद्या पहाटे माल जायचाय, एवढी तोलून ठेवा, असं मालकांना सांगितलं. ढीग ओट्यावर घातला. ते तोलून टोपल्यात टाकणार, मी त्या टोपल्या मागच्या दाराने फिरवून पुन्हा ढिगावर ओतणार; पाहुण्यांना शब्द मिळेपर्यंत मिरची सरायची नाही. मालकांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण काट्यापुढे आलेलं काम कुठून आलं हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

पाहुणे आले तेव्हा 'लाभ' घुमत होता. मालकांनी तोलता तोलता त्यांचं असं स्वागत केलं, की मुलाचा मामा खूश झाला. नावाडी कोण होता, बैल कुठले, औंदा भुईमूग कसा, सगळं विचारलं. बैठक रंगली. फक्त सगळे शिंकत होते. मुलगा नाकाला उपरणं लावून बसला होता आणि मुलाचे वडील दर वाक्याच्या मध्ये थांबत होते. मला स्वतःला मात्र तिसऱ्या फेरीलाच असा खाट बसला, की मी टोपली टाकून परसातल्या रांजणात डोकं घातलं. आणि नेमकं तेव्हाच मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मंग याही, देतस ना पोर?"

मी डोळे पुसत आलो तेव्हा ओटा मोकळा होता. ढीग संपला होता. मालकांनी त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं, काटा खुंटीला लावला आणि पायरीवर जाऊन बसले. धप्प. डावा जोडा पडला.

मामाने पागोटं उचललं. दाराआड मालकीणबाईंनी पदर तोंडाशी धरला. आणि यमुना, जिने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नव्हतं, ती त्या आवाजासरशी सवयीने बाहेर आली. नवं लुगडं सावरत खालच्या पायरीवर बसली, बापाच्या उजव्या पायातला जोडा ओढून काढला, तांब्या ठेवला, आणि मान वर केली तेव्हा तिला कळलं की समोर पाहुणे आहेत.

मुलाचे वडील उठले. आता गाडी जुंपायला सांगतात, असं वाटून मी पुन्हा रांजणाकडे वळणार होतो. पण ते पायरीवर आले आणि मालकांच्या शेजारी बसले. तेही पहाटेपासून शेतात राबून, नदी ओलांडून आलेले. मग त्यांनी आपला पाय पुढे केला; त्यात जोडा तसाच होता. म्हणाले, "मन्ही पोर सासरले गयी, तवयपाईन मन्हा जोडा असाच ऱ्हास."

मालकांनी मान वळवली. दिवस सरल्यावर त्यांनी मान वळवल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुठून कोण जाणे, तळातून उपसावा तसा त्यांनी आवाज काढला आणि एकच शब्द बोलले.

"लाभ."

लग्न झालं. माझ्याकडे पंगतीतलं वाढप दिलं होतं. ते मी कसं केलं ते लिहीत नाही. वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, आणि दुसऱ्या दिवशी मालक नेहमीसारखे बाजारात गेले. सकाळी कावळेही उडाले म्हणतात. संध्याकाळी पायांनी त्यांना घरी आणलं. डावा जोडा पडला. आत मालकीणबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. मालकांनी उजवा पाय थोडा पुढे केला आणि तसाच ठेवला.

मला राहवेना. मी खालच्या पायरीवर बसलो आणि जोड्याला हात घातला. त्यांनी पाय हळूच मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "आखाजीले ई ती."

माहेरवाशिणींचा तो सण अजून बराच लांब होता. मी तिथेच बसून राहिलो. मग उगीचच, माझाही एक जोडा काढून खाली ठेवला.