ज्याची पेटी त्याने उचलायची

मित्र येणार म्हणून आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, काय काय केलं म्हणून सांगू! मे महिन्यातला बँक हॉलिडेचा वीकेंड. आठवडाभर आधीपासून गवत कापणं चाललेलं. कापायला गवत वाढायला तर हवं! पण नाही, रोज मशीन बाहेर. तळ्यातल्या हंसांनासुद्धा सांगून झालं असेल, शुक्रवारी कोण येतंय ते.

रिटायर झाल्यावर आम्ही लंडनजवळच्या रीडिंग गावातलं घर विकलं आणि मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. मी हॉस्पिटलात नर्स होते, हे टेलिकॉम कंपनीत मॅनेजर. मार्च ते ऑक्टोबर ह्या तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर दोघांनी वॉर्डन म्हणून राबायचं, त्याबदल्यात तळ्यासमोरची जागा, वीज आणि थोडा पगार. गोऱ्यांमध्ये असं करणारी जोडपी पुष्कळ. आपल्यात मी तरी कोणी पाहिलं नाही. हेच तळं का, तर रीडिंगहून नाश्ता करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. माणूस म्हणजे तो मित्र, आणखी कोण!

काम असं की गवत कापायचं, आलेल्यांना जागा दाखवायची, शॉवर घासायचे. आणि आणखी एक. मोटरहोमच्या संडासाखाली चाकं लावलेली पेटी असते. भरली की ज्याने त्याने ती ओढत नेऊन कोपऱ्यातल्या मोरीत ओतायची. ती मोरी धुणं वॉर्डनकडे. हे कळलं तेव्हा मी कडाडून भांडले. आमचं घर दीक्षा घेतलेलं. ह्यांच्या आजोबांनी नागपूरजवळच्या गावात मेलेली ढोरं ओढली. सासऱ्यांनी त्या कामाला लाथ मारली, उपाशी राहिले आणि मुलाला शिकवलं. "ह्यासाठी शिकवलं का त्यांनी तुम्हाला?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला मोरीपाशी नेऊन उभं केलं. आमच्या शेजारचा म्हातारा इंग्रज, एकेकाळचा सर्जन, ड्रेसिंग गाऊन घालून आपली पेटी ओढत आला. ओतली, धुतली, गुड मॉर्निंग म्हणाला आणि शीळ घालत गेला.

"बघितलंस?" हे म्हणाले. "इथे ज्याची पेटी त्याने उचलायची. जज्ज असो नाहीतर ड्रायव्हर. असं गाव आमच्या आजोबांना मिळालं असतं तर?"

मी ब्रश घेतला आणि कामाला लागले. खरं सांगते, मलाही ती जागा आवडायला लागली.

आता तो मित्र. पुण्याचा, ह्यांच्याबरोबरच वर्क व्हिसावर आलेला. लग्नाआधी दोघं स्लाऊमध्ये एका खोलीत राहिले. त्याच्या मुलीच्या लग्नात हे जेवायचे विसरले, इतके धावत होते. त्याच्या आईचं शेवटचं आजारपण मी काढलं. आमच्यात जात कधी निघाली नाही. ती निघणारच नाही, अशी ह्यांची खात्री. ह्यांना त्याला सगळं दाखवायचं होतं, अगदी ती मोरीसुद्धा. "त्याला पटेल बघ," म्हणायचे. एवढं वय झालं तरी त्याला पटायला हवंच होतं.

शुक्रवारी भाड्याच्या तीन मोटरहोम आल्या. मित्र, त्याची बायको आणि आमच्या मराठी मंडळातली आणखी दोन कुटुंबं. संध्याकाळी मित्र नाकाला रुमाल लावून पेटी घेऊन उभा. हे उत्साहाने पुढे झाले, "चल, कसं करायचं ते दाखवतो."

"दाखवतोस काय! तूच टाक ना. तुला सवय आहे."

ह्यांनी हसत हसत ती पेटी घेतली. म्हटलं, पहिलीच वेळ आहे, असू दे.

सकाळी दार उघडलं तर पायरीपाशी तीन पेट्या, ओळीने. ठेवताना कोणी दारावर टकटकसुद्धा केलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच मित्राच्या गाडीपाशी गेले.

"भाऊजी, पेट्या आमच्या दारात विसरलात."

"विसरलो नाही वहिनी," तो चहा ढवळत म्हणाला. "म्हटलं, त्याचं कामच आहे ते."

"त्यांचं काम मोरी धुण्याचं. ओतायचं ज्याचं त्याने. तो शेजारचा सर्जनसुद्धा स्वतः ओततो."

"गोऱ्यांना कशाचीच किळस नसते हो. आपल्याला नाही जमत."

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

तो नुसता हसला. माझ्या मागे चाकांचा खडखडाट ऐकू आला. हे दोन हातांत दोन पेट्या ओढत निघाले होते. तिसरीसाठी परत आले तेव्हा मी आडवी उभी राहिले. "पाहुणे आहेत गं," म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न. वाकड्यात शिरू नकोस." तो सर्जन आपल्या खुर्चीतून सगळं बघत होता. तुमचे मित्र आजारी आहेत का, त्याने काळजीने विचारलं.

"हो, जरासे," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी मित्राच्या गाडीपुढे सगळ्यांचं जेवण. मसालेभात, मठ्ठा, रीडिंगहून आणलेली जिलबी. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मित्राची बायको स्टीलची ताटं देत फिरली. सगळ्यांना दिलं, मलाही दिलं. ह्यांच्या हातात कागदी प्लेट दिली.

"ताटं कमी पडली का गं?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे..."

"त्या टोपलीत दिसतायत की."

ती गडबडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, सकाळपासून त्यांचे हात त्या घाणीत. तू तर नर्स आहेस, तुला कळायला हवं. हायजीनचा प्रश्न आहे, दुसरं काही मनात आणू नकोस."

"घाण कोणाची होती?" मी ओरडलेच. "तुमच्याच पोटातली ना?"

हे मित्राकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. काही मागत होते हो ते त्याच्याकडे! 'अगं, ताट दे त्याला,' एवढंच त्याने म्हणायचं होतं. मित्र भातातली लवंग शोधत होता. सापडली, ती ताटाच्या कडेला ठेवली.

"वाढ गं त्याला," म्हणाला. "भात गार होतोय."

तिने वाढलं आणि हे जेवले. मठ्ठ्याने प्लेट मऊ पडली, खालून हात धरावा लागला. परत भात मागून घेतला, छान झालाय म्हणाले. मी भरलं ताट तसंच ठेवून उठले. त्या नवरा-बायकोपेक्षा मला ह्यांचाच राग जास्त आला. अजूनही येतो.

रविवारी सकाळी दारात पुन्हा पेट्या. ह्यांनी ओतल्या, धुतल्या, ज्याच्या त्याच्या गाडीत बसवून दिल्या. एरवी निघताना मित्र ह्यांना मिठी मारायचा. ह्या वेळी गाडीत बसला, काच खाली केली आणि हात हलवला. गाड्या दिसेनाशा झाल्या तरी हे रस्त्यावर उभे होते.

त्यानंतर मित्राचे फोन येत राहिले. हेही हसून बोलायचे. माझा तिळपापड व्हायचा. तुम्हाला लाजलज्जा आहे की नाही, असंसुद्धा मी बोलून गेले. ऑगस्टमध्ये मित्र फोनवर म्हणाला, पुढच्या मेमध्ये परत येतो, ह्या वेळी मंडळाची सात-आठ कुटुंबं आणतो. हे म्हणाले, "ये की."

ऑक्टोबरमध्ये कॅम्पसाइटची मॅनेजर आमच्याकडे चहाला आली. पाहुणे तुमच्यावर खूश आहेत, म्हणाली, पुढच्या वर्षी हीच जागा पक्की करूया ना? मी हो म्हणणार, तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "तुमच्या आणखी कुठे कुठे साइट्स आहेत?"

ती चकित झाली. मग सांगायला लागली, वेल्समध्ये एक आहे, स्कॉटलंडमध्ये दोन आहेत, तळी सुंदर आहेत, पण पाऊस फार, माणूस दिसत नाही, जवळ दुकान नाही. ह्यांनी तिला मध्येच थांबवलं.

"रीडिंगपासून सगळ्यात लांब कुठली?"